धुऱ्यावरचं निवडुंग

निवडुंगाचं पान कुठलं आणि खोड कुठलं, हे मला लहानपणी कुणी धड सांगितलं नाही. विचारलं की घरचे म्हणायचे, "काटे दिसून राहिले ना? मग लांब राहा." आता हे काय उत्तर झालं?

माझं माहेर कंधारचं. तिथं किल्ल्याच्या अंगानं फड्या निवडुंगाचं रान माजलेलं. नागाच्या फड्यासारखे जाड, चपटे, हिरवे तुकडे एकाच्या डोक्यावर एक चढलेले. म्हणून झाडाला फड्या म्हणायचे आणि एकेका तुकड्यालाही आम्ही फडाच म्हणायचो. पोरींना त्याची लाल बोंडं तेवढी माहीत. बोंड मातीत घोळायचं, वरची कुसं गेली की फोडायचं आणि जीभ लाल करून घरी जायचं. आई आधी जीभ बघायची आणि मग धपाटा घालायची.

मला बोंडापेक्षा झाडाचंच कोडं जास्त. दगडाच्या फटीत उभं, पाणी घालणारं कुणी नाही, आणि भर उन्हाळ्यात हिरवंगार! एकदा मी एक फडा तोडून आणला आणि माजघरातल्या खुंटीला सुतळीनं टांगला. बघू तरी किती दिवस तग धरतो. आई म्हणाली, "लोक दृष्ट लागू नये म्हणून दारात टांगतात, ही घरात टांगून राहिली. खुळी कुठली!" तो फडा आकसला, सुरकुतला, पण मेला नाही. उन्हाळा सरता सरता त्याच्या कडेला चक्क कोंब आला. ना माती, ना पाणी, नुसत्या हवेत! कोंबावर मिरीएवढी टोकदार पानं होती, ती काही दिवसांनी गळून पडली. तेव्हा मला कळलं की खरं पान ते, आणि आपण ज्याला पान समजतो तो फडा म्हणजे झाडाचं खोड. मी घरभर नाचले. वडील म्हणाले, "हिला नवरा बघायची गरज न्हाई, निवडुंगाशीच लावून देऊ."

लग्न शेवटी माणसाशीच झालं आणि मी देवणीच्या अंगाला, मुखेडच्या वाटेवरच्या एका गावात आले. वडिलांनी आंदण म्हणून एक कालवड दिली. देवणी जातीची, वानेरी. म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. सासरे तिच्याकडं बघून म्हणाले, "कंधारवाल्यांची कमाल हाय. देवणीला देवणी गाय आणली!" पण दुसऱ्याच दिवशी तिच्या गळ्यात घुंगरू त्यांनीच बांधलं. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणायचं आणि सासूला आत्याबाई. माणूस सरळ, पण एकदा बोलला की बोलला. खुंटा परवडला, पण हा माणूस हलायचा नाही.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा नवा झाला होता. आधी आम्ही उस्मानाबादचे. आमचे हे लातुरात एका नव्या कचेरीत शिपाई लागले. सुट्टीला आले की सांगायचे, खुर्च्या आल्या, मग पंखे आले, मग पाटी आली. सासरे सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "पाऊस कवा येतो म्हणाला तुमचा साहेब?" जिल्हा नवा आला, पण पाऊस जुन्याच जिल्ह्यात राहिला, असं गाव म्हणायचं.

खरंच राहिला. एका वर्षी ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली, पुढच्या वर्षी तेवढीही नाही. कडब्याची गंजी खाली खाली येत तळाच्या दगडांवर टेकली. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात कडब्याची खोपीसारखी कोप उभी करून आत पांडवांची पूजा करायची आमच्याकडची रीत. त्या वर्षी आत्याबाईंनी पऱ्हाट्यांची कोप केली आणि हात जोडून देवाला मोकळं सांगून टाकलं, "कडबा गुरांना ठिवलाय बाबा. समजून घे."

मग एका सकाळी सासरे गंजीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हाय तेवढा बैलांना पुरंल. गाय पुढच्या बाजारी मुखेडला न्यायची."

गाय पहिल्यांदाच गाभण होती. दुष्काळात गाभणी, हाडं निघालेली गाय बाजारात कोण घेतं आणि कशासाठी घेतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. सरकारची गुरांची छावणी होती, पण तिथं घरचा एक माणूस मुक्कामाला ठेवावा लागायचा आणि आमच्याकडं तसा माणूस नव्हता. मी पदर डोक्यावर ओढला आणि बोलून गेले, "मामा, धुऱ्यावरचं निवडुंग घातलं तर?"

धुरा म्हणजे दोन रानांच्या मधली हद्द. मी एवढंच बोलले, पण आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी घराला काडी लावा म्हणालेय.

कारण त्या धुऱ्याच्या पलीकडं सासऱ्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं, म्हणजे काकांचं, रान होतं. वाटणी झाली तेव्हा त्यांच्या वडिलांनी मधे दगड पुरला आणि त्याच्या अंगानं निवडुंगाची रांग लावली, पोरं पुढं भांडू नयेत म्हणून. पोरं त्याच्यावरूनच भांडली. काही वर्षांनी धाकटे म्हणायला लागले, अण्णा, धुरा माझ्या रानात सरकून राहिलाय. सासरे म्हणाले, "वडलांनी लावलेलं निवडुंग जागचं हलतंय व्हय?" झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. रांगेचं तोवर माणसाच्या डोक्याच्या वर गेलेलं कुंपण झालं होतं. आमच्या रानातल्या घरातून पलीकडची वस्तीसुद्धा दिसायची नाही. पाण्याच्या टँकरपाशी धाकट्या काकी उभ्या असल्या की आत्याबाई आपल्या घागरीच्या तळाशी काहीतरी शोधत बसायच्या.

पण मी एक गोष्ट बघितली होती. दर वर्षी पेरणीच्या आधी सासरे आपल्या अंगाला वाढलेले फडे छाटायचे आणि बेळक्यानं, म्हणजे दोन तोंडांच्या लांब काठीनं, उचलून कुंपणावरून पलीकडं भिरकवायचे. आपल्या रानात काटे नकोत, एवढंच. म्हणून मी म्हणाले, "तुम्ही छाटून फेकूनच देता की मामा. तेच गायीच्या गव्हाणीत टाकू."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आपल्या अंगाचंच. पलीकडच्या फड्याला विळा लागला तर याद राख."

"हाव, मामा."

"आणि गाय धड राहिली न्हाई तर बाजार."

"हाव."

पहिल्या दिवशी मी तुराट्यांचा जाळ केला, मोठे काटे चटचट जाळले आणि फडा गायीपुढं ठेवला. तिनं तोंड लावलं आणि मान अशी झटकली की मीच मागं पडले. आत्याबाई कपाळावर हात मारून बाहेर आल्या. मागच्या मोठ्या दुष्काळात त्यांनी हे सगळं केलेलं होतं. "अगं बया, मोठा काटा साधा असतो. बारकं कुस बघ, ते खरं बेणं!" फड्यावर जिथं काटा असतो तिथंच लोकरीसारखा पिवळसर ठिपका असतो, आणि त्यात केसाहून बारीक कुसं. ती दिसत नाहीत, नुसती टोचतात. फडा जाळावर दोन्ही बाजूंनी फिरवायचा, तो ठिपका काळा पडेपर्यंत. मग गोणपाटानं पुसायचा, विळ्यानं तुकडे करायचे आणि मूठभर कडब्याची कुट्टी मिसळायची. नुसतंच घातलं तर गाय पातळ शेण टाकते.

गायीनं आधी हुंगलं. मग एक तुकडा उचलला, चावला, थांबली. मग तिनं गव्हाणीत अख्खं तोंड घातलं आणि हिरवी लाळ गाळत जे चालू केलं! आत्याबाई म्हणाल्या, "खाऊन राहिली गं!" आणि हसल्या. त्या घरात मी त्यांना तेवढं मोठ्यानं हसताना पहिल्यांदा ऐकलं.

मग मला नादच लागला. दुपारच्या उन्हात दगडाला हात लावला तर चटका बसायचा, पण फडा कापला की आतून गार आणि बुळबुळीत. एवढं पाणी हे कुठून आणतं? मी खणून बघितलं, तर मुळं खोल नव्हतीच; वरच्या वर, वीतभर मातीत, पण लांबच लांब पसरलेली. म्हणजे सर आली रे आली की आधी हेच पिऊन घेणार. लबाड! फडे खायला लागल्यापासून गायही पाणी कमी प्यायची, आणि टँकरवर अवलंबून असलेल्या घरात ती काही लहान गोष्ट नव्हती. तिची फासळी बुजायला लागली, पोट भरलं. मुखेडचा बाजार आला तसा गेला. सासरे काही बोलले नाहीत, आणि मी आठवण करून द्यायला काय वेडी होते?

पलीकडूनही धूर दिसायचा. एक दिवसाआड तरी निघायचाच. काकाही आपल्या बैलांना निवडुंग भाजून घालत असतील, असं आम्ही धरून चाललो. सासरे म्हणायचे, "बघा. माझं बघून शिकला."

असं करत करत मी आमच्या अंगाच्या जुन्या बुंध्यांपर्यंत पोचले. जुनं निवडुंग खाली लाकडासारखं होतं, करडं आणि खरबरीत; तिथं फडा ओळखूसुद्धा येत नाही. त्या बुंध्यांच्या बेचक्यात विळा घातला आणि खण्णकन वाजला. बघते तर उभा पुरलेला दगड, आणि त्याच्या डोक्यावर टाकीनं कोरलेली फुली.

माझं तोंड म्हणजे गावची दवंडी. जरा सबूर करावी, विचार करावा, तर नाही. ओरडले, "मामा, या की इकडं! हे काय हाय?"

ते आले. बघितलं. खाली बसून फुलीवरून अंगठा फिरवला. मग उठले आणि दगडापासून पलीकडं बघत राहिले. दगड आमच्या कडेला होता, आणि कुंपणाची सगळी रुंदी, बैलगाडी आडवी मावेल एवढी, दगडाच्या पलीकडं होती.

"ह्यो हितं कसा?" ते म्हणाले. "ह्यो तर मधोमध पायजे."

मला दिसलं ते मी बोलले. "मामा, तोडलेला फडा मरत न्हाई. मी खुंटीला टांगला होता, त्याला हवेत कोंब आला. मातीत पडला तर पडल्या जागी मूळ धरतो. तुम्ही दर वर्षी इकडचं छाटलं आणि पलीकडं टाकलं. इकडं वाढू दिलं न्हाई, तिकडं रुजत गेलं. निवडुंग चाललं, मामा. तुम्हीच चालवलं."

"गप!"

ते पुन्हा दगडापाशी बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "विळा ठिव."

"का म्हणून?"

"सगळं निवडुंग त्याच्या रानात हाय. परक्याच्या रानातला फडा माझ्या गव्हाणीत यायचा न्हाई."

मला असा संताप आला! एवढी वर्षं भाऊ खोटा होता ते चाललं, आणि आता एका फुलीपायी इमान जागं झालं. आणि ते जागं झालेलं इमान उपाशी कुणाला मारणार? माझ्या गायीला. त्या संध्याकाळी तिच्यापुढं मूठभर कडबा पडला. ती गव्हाण चाटत राहिली, आणि मी दिसले की हंबरायची. दिवस भरत आलेले, कास उतरायला लागलेली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी शेजाऱ्याला मुखेडचा बाजार विचारला, ते मी ऐकलं. मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही.

"त्यांच्या रानातलं हाय ना? मग त्यांना मागा की. द्यायचं न द्यायचं ते बघतील. तोंड हाय ना माणसाला?"

आत्याबाईंच्या हातातलं भांडं खाली पडलं. सासरे माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता कंधारची गाडी पकडावी लागते. पण त्यांनी खुंटीवरचा पटका काढला, डोक्याला गुंडाळला आणि मी तोडून तोडून पाडलेल्या खिंडारातून आत शिरले. पटका काट्याला अडकला, तसाच ओढून घेतला. मागून मी आणि माझ्यामागून आत्याबाई.

पलीकडं कुंपणाच्या कडेला जागोजागी जाळलेलं होतं. भाजलेलं नाही, जाळलेलं. काळे पडलेले फडे तसेच ढिगानं सडत होते आणि मधे मधे खड्डे खणलेले होते. एका खड्ड्यात काका पहार घेऊन उभे होते. त्यांच्या मागं गोठा होता. गोठ्यात काहीच नव्हतं. शेणसुद्धा जुनं, वाळून भेगाळलेलं.

"दगड घावला," सासरे म्हणाले.

काकांनी पहार टेकवली. "कुठं?"

"माझ्या अंगाला. निवडुंग समदं तुझ्यात आलंय. तुझं खरं व्हतं."

इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकून माणसाला आनंद व्हावा ना? काकांनी नुसती पहारीची माती झटकली. सासरे गोठ्याकडं बघत होते. म्हणाले, "बैल कुठायत?"

"गेले. दिवाळीच्या आधीच."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुझ्या दारावरून नेले, अण्णा. तू आत व्हतास."

"अरं, मग हे एवढं निवडुंग हुबं व्हतं. घालायचं न्हाईस?"

काका म्हणाले, "घातलं असतं. पण एक फडा तोडला असता तर तूच म्हणला असतास, धुरा कोरला म्हणून. बैल गेले, मग म्हणलं, आता बोलंना का कुणी. दगडच हुडकून काढतो."

सासरे मटकन खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. पण नाही, ते रडत होते. एवढा मोठा माणूस, डोक्यावर फाटका पटका, तोंड झाकायलाही हात उचलला नाही. हिरवंगार निवडुंग समोर असताना दोन बैल उपाशी बाजाराला गेले, निव्वळ ह्यांच्या एका शब्दाच्या धाकानं. मला त्यांचा राग आलेला होता तो कुठं गेला कळलं नाही. मीही रडायला लागले. दारात उभ्या काकी आणि माझ्यामागं आत्याबाई, दोघीही डोळ्यांना पदर लावून, आणि एकमेकींकडं बघून, चक्क बघून!

पण गाय काही माझ्या डोक्यातून जात नव्हती. डोळे पुसले आणि म्हणाले, "काका, माझी गाय उपाशी हाय. तुमचं निवडुंग तोडू का?"

त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. "आंदणाची ती? गाभणी हाय न्हवं?"

"हाव."

"मग फड्यांच्या पाट्या कशाला वाहतीस? गायच आण हिकडं. दावण मोकळीच हाय."

खिंडार मोठं करून आम्ही गाय पलीकडं नेली. काकांनी स्वतः जाळ केला, स्वतः फडे भाजले, कुस गेलं की नाही ते आपल्या मनगटावर घासून बघितलं आणि मगच तिच्यापुढं टाकले. ती खायला लागली तसा त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला तो काढलाच नाही.

गाय तिथंच व्याली, एका दुपारी. पाडी झाली, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. सासरे त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पटका बांधून निघायचे. "सुनबाईची गाय बघून येतो," म्हणायचे आणि दोन दोन तास यायचे नाहीत. एवढं काय बघायचं असतं गायीत? आत्याबाई मला डोळा घालायच्या.

पाडी उड्या मारायला लागली, गाय धड झाली. चाराही छावणीवरून थोडा थोडा गावात यायला लागला होता. मला माझी गाय माझ्या गोठ्यात हवी होती. उगाच कशाला खोटं बोलू, रात्रंदिवस तेच डोक्यात. एका संध्याकाळी गेले आणि म्हणाले, "काका, आता नेते."

"ने की. तुझीच हाय," काका म्हणाले. खुंट्याचं दावं सोडलं आणि माझ्या हातात दिलं, पण माझ्याकडं बघितलं नाही. काकी आत निघून गेल्या.

सासरे ओट्यावर बसले होते. ते बसल्या जागेवरूनच म्हणाले, "सुनबाई, राहू दे."

"का, मामा?"

ते भावाच्या देखत म्हणाले, "ती घरी आली तर मी हिकडं काय म्हणून येऊ?"

मी दावं काकांच्या हातात परत दिलं.